तीन सीसी आणि पातूरचा घाट

मारुती 800 च्या हेडवरून किती धातू काढायचा, एवढाच प्रश्न उरलाय. बाकी सगळं ठरलं आहे. व्हॉल्व्हच्या सीटा तीस-पंचेचाळीस-साठच्या कोनांत नव्याने कापायच्या, गाईड बदलायचे, पोर्टची तोंडं मॅनिफोल्डशी जुळवायची. ही कामं हाताला पाठ आहेत. पण फेस मारायला हेड अकोल्याच्या लेथवर न्यायचं म्हटलं की माझा पाय घरातून निघत नाही. एकदा काढलेलं अॅल्युमिनियम परत चढत नाही, आणि जाड गॅसकेट घालून भरपाई करणं मला कधीच पटलं नाही.

गाडी जुनी, कार्बोरेटरवाली, 796 सीसीची. बोअर 68.5 मिलीमीटर, स्ट्रोक 72. म्हणजे एका सिलिंडरमागे 265 सीसी. कंपनीने दिलेलं कॉम्प्रेशन 8.7. ते 9.5 वर न्यायचं मी मनाशी धरलं होतं. त्यासाठी पिस्टन वर आल्यावर उरणारी साडेचौतीस सीसीची जागा सव्वाएकतीसवर आणावी लागते. फरक जेमतेम तीन सीसीचा.

हे तीन सीसी मोजायचे कसे, यावर माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. हेड उलटं करून लेव्हलमध्ये ठेवायचं, प्लग घट्ट बसवायचा, व्हॉल्व्हच्या कडेला बोटाने ग्रीस फिरवायचं. वर अॅक्रिलिकची पट्टी, तिला एका कडेला छिद्र. सिरिंजने त्यातून रॉकेल सोडत जायचं. शेवटी पट्टीखाली एक बुडबुडा अडकतोच. हेडची एक बाजू किंचित उचलली की तो सरकत सरकत छिद्राशी येतो आणि फुटतो. तेव्हा वाचलेला आकडा खरा. तिन्ही चेंबर सारखे कधीच नसतात. आधी लहान चेंबर खरवडून मोठ्याच्या बरोबरीला आणायचे, मग फेसचा विचार. जितकी जागा कमी करायची तितकं रॉकेल कमी भरलं की पातळी काठापासून किती खाली राहते, ते डेप्थ गेजने मोजता येतं. तेवढाच फेस मारायचा. हे आकडे मी वहीत दशांशापर्यंत लिहितो, आणि गॅरेजवर कोणी जाणकार आला की ती वही टेबलावर उघडी राहील याची काळजी घेतो. लोकांनी ती बघावी असं मला वाटतं. नेहमीच वाटत आलं.

आणि लाभ किती? पुस्तकी सूत्राने 8.7 वरून 9.5 वर गेलं तर अडीच टक्के. 37 अश्वशक्तीच्या इंजिनात ती एक अश्वशक्तीसुद्धा होत नाही. खरा पिकअप सीटांमधून आणि पोर्टच्या गळ्यातून मिळतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी साडेनऊचा आकडा मला हवा होता, कारण तो सांगता येतो.

आडवा येतो तो घाट. पातूर सोडून मेडशीकडे निघालं की चढ लागतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या घरात, गाडीत चार माणसं, पुढे रखडणारा ट्रक, तिसरा गिअर आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. नॉकिंगला याहून चांगलं आमंत्रण नाही. प्लगने पेटवलेली ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यात दाबलेलं, तापलेलं मिश्रण आपोआप भडकतं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात हॅरी रिकार्डोने चालू इंजिनाचं कॉम्प्रेशन कमीजास्त करता येईल असं यंत्र बांधून हाच प्रकार पेट्रोल बदलून बदलून तपासला. आम्ही तो कानाने तपासला. आवाज आला की डिस्ट्रिब्यूटर थोडा मागे फिरवायचा आणि पुन्हा घाट चढायचा. टायमिंग लाइटपेक्षा माझा कान खरा, असं मी चारचौघांत म्हणायचो.

गेल्या मे महिन्यात भाची शेजारी बसली होती. पॉलिटेक्निकला आहे, सुट्टीत हाताखाली काम करते. वळणावर ती म्हणाली, "मामा, येऊन राह्यला ना आवाज! तुमाले नाई येत का ऐकू?"

मला नाही आला. डॉक्टरांनी कानाचा आलेख काढून दिला. चार हजार हर्ट्झच्या पुढे रेघ खाली उतरत जाते. मग हिशोब मांडला. नॉकिंगचा सूर बोअरवर ठरतो: बोअर लहान तितका सूर बारीक. ट्रकच्या रुंद सिलिंडरचा ठोका मला अजून येईल. 800 चा सूर साधारण आठ हजारांच्या पुढे, आणि वयाने पहिले जातात ते नेमके हेच वरचे सूर. नव्या गाड्यांत ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. तो हाच सूर पकडून कॉम्प्युटरला इग्निशन मागे घ्यायला लावतो. कार्बोरेटरच्या गाडीत सेन्सर म्हणजे मिस्त्री.

हल्ली कोणी गाडी 'तयार' करून आणली की सायलेन्सर ऐकायला मिळतो, हेड कोणी उघडलेलं नसतं. काही जण न मोजता सरसकट एक मिलीमीटर फेस मारून देतात. 800 मध्ये कॅम हेडवर आणि त्याला टायमिंग बेल्ट. हेड बुटकं झालं की कॅमचं टायमिंग मागे पडतं, आणि बेल्टचा एक दात सरकवला तर ते भलतंच पुढे जातं. त्याला अॅडजस्ट होणारी पुली लागते. हे न सांगता पैसे घेणाऱ्याला मी मिस्त्री मानत नाही. इनटेक आरशासारखा चकचकीत करून फोटो दाखवणाऱ्यांचंही मला कौतुक नाही. कार्बोरेटरच्या इंजिनात तिथे किंचित खरबरीत अंग बरं, पेट्रोल भिंतीला चिकटून वाहत नाही.

पंपावरच्या वीस टक्के इथेनॉलने ऑक्टेन वाढलंय, मग हो ना साडेनऊ, असं मित्र म्हणतात. पण त्याच इथेनॉलने मिश्रण पातळ होतं, आणि कार्बोरेटर ते आपणहून सावरत नाही. मेन जेट मोठा करावा लागतो, पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या बदलाव्या लागतात. ऑक्टेनची बचत सगळी कॉम्प्रेशनवर उधळली, तर मेच्या उन्हासाठी काही उरत नाही.

तेव्हा साडेनऊ नाही. 9.2 करायचं, म्हणजे दोन सीसींहून थोडं जास्त कमी करायचं, आणि सूत्राने लाभ दीड टक्क्याच्या आसपास. पहिल्या चाचणीला घाटात गाडी मी चालवीन. ऐकायचं काम भाचीचं, आणि डिस्ट्रिब्यूटर किती फिरवायचा हे तीच ठरवेल. आमच्या रस्त्याला आणि आमच्या उन्हाला 9.2 पुरेसं आहे.