पदर सावरून

फोटो फ्रेमवाल्याच्या दुकानात तसबिरींच्या चळतीत तुकोबा दिसले. डोळे अर्धवट मिटलेले, गळ्यात तुळशीमाळ, ओठांवर एक शांत, भाबडं हसू. मी थबकलेच. हा चेहरा विष्णुपंत पागनिसांचा! चित्रकारासमोर तेच होते, यात मला शंका नाही.

१९३६ साली दामले-फत्तेलालांनी ‘प्रभात’साठी ‘संत तुकाराम’ केला. मुंबईत तो वर्षभराहून जास्त चालला, व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. तुकोबा दिसायला कसे होते हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. ती जागा पागनिसांनी भरून काढली. एके काळी हेच पागनीस रंगभूमीवर लुगडं नेसून नायिका रंगवत. तुकाराम झाल्यावर पुढं तुलसीदास झाले, नरसी भगत झाले. लोक पाया पडू लागले. घरोघरच्या भिंतीवर चेहरा, त्याला रोज ताजा हार, आणि खाली नाव दुसऱ्याचं! कीर्तीचा याहून गोड घोटाळा माझ्या पाहण्यात नाही.

निळू फुल्यांच्या वाट्याला आल्या शिव्या.

आमच्या वाड्यात टीव्ही एकाच घरी. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट असे आणि त्या खोलीत वाड्यातली सगळी बिऱ्हाडं मावत. आजीची जागा ठरलेली, दाराजवळ, भिंतीला टेकून. चित्रपट सुरू होई तेव्हा ती निवांत वाती वळत असे. निळूभाऊंचा तो घोगरा, लाडीक आवाज कानावर पडला, की वाती बाजूला जात आणि आजी दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढून घेई. काचेच्या आतल्या माणसाला आपण दिसतो, याबद्दल तिची खात्री होती. “मेल्याची नजर बघा,” असं ती पुटपुटे, आणि पुढच्या पोरींनाही नीट बसायला लावी. फ्रॉकमधल्या आम्ही मुली गुडघे झाकून घेत असू.

एकदा ‘सिंहासन’ लागला. त्यात निळूभाऊ दिगू टिपणीस, राजकारण जवळून पाहणारे पत्रकार. कुणाच्या वाटेला न जाणारा, ऐकणारा, टिपणारा माणूस. आजीला हे मुळीच पटेना. मंत्री काय करतायत, मुख्यमंत्री कुणाला बोलावतायत, इकडे तिचं लक्षच नव्हतं. ती दिगूवर पाळत ठेवून होती. “गप बसलाय, म्हणजे काहीतरी मनात आहे याच्या.” शेजारच्या काकांनी समजावलं, आजी, या चित्रपटात हा चांगला आहे. “तुम्हाला काय ठाऊक त्याचं,” आजी म्हणाली. शेवटी दिगूचं भान हरपतं. सगळी खोली सुन्न झाली. आजीनं पदर सैल केला आणि वाती हातात घेतल्या. “फेडलंन् इथंच,” ती म्हणाली.

कुठलं फेडलंन्? ‘सामना’तल्या हिंदुराव धोंडे पाटलाचं पाप तिनं गरीब दिगूच्या खात्यावर मांडलं होतं. मला हा हिशेब आजही फार मोलाचा वाटतो. समीक्षकांनी लिहिलेलं पुष्कळ वाचलं, पण आजीच्या त्या ओढलेल्या पदराइतकी दाद मला कुठं भेटली नाही. सेवादलाच्या कलापथकात घडलेला, पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला, चळवळींसाठी गावोगाव हिंडणारा हा सज्जन माणूस. गावातल्या बाया त्याला पाहून बोटं मोडत, आणि तो ती कामाची पावती समजे. बरोबरच समजे.

‘रामायणा’च्या वेळी आजी होती. रविवारी सकाळी आंघोळ करून टीव्हीपुढे बसायची, राम आला की हात जोडायची. रावणाला मात्र तिनं कधी शिवी दिली नाही. “विद्वान आहे तो,” म्हणायची. मला ते तेव्हा कोडंच वाटे.

पुढं १९९१च्या लोकसभा निवडणुकीत दीपिका चिखलिया बडोद्यातून निवडून आल्या आणि अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून. सीता आणि रावण, एकाच पक्षाच्या तिकिटावर, एकाच सभागृहात! सीतेला मत कुणीही देईल. साबरकांठ्याच्या मतदारांचं मला खरं कौतुक वाटतं. ज्यानं अशोकवनात सीतेला कोंडून ठेवलेलं त्यांनी दर रविवारी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याच्या नावापुढे त्यांनी शिक्का मारला, आणि निर्धास्तपणे त्याला दिल्लीला धाडलं.