बॉल आधी लागला!

प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यातला चेंडू पायाने हिरावून घेण्याचा प्रयत्न म्हणजे टॅकल. फुटबॉलच्या नियमावलीतला बारावा नियम, ज्यात फाउल आणि गैरवर्तन यांचा विचार केलेला आहे, तो मोठ्या प्रमाणात या एका कृतीच्या मर्यादा आखण्यात खर्ची पडला आहे. गोल सर्वांच्या लक्षात राहतो आणि चांगल्या पासला दादही मिळते. पण दोन खेळाडूंची शरीरे एकाच चेंडूसाठी एकमेकांवर आदळण्याचा संभव असतो तो टॅकलच्या क्षणी, आणि म्हणून प्रेक्षकाची न्यायबुद्धी, त्याचा पक्षपात आणि खेळाडूवरची त्याची माया यांचा कस तिथेच लागतो. ज्या मराठी चाहत्याने मेक्सिकोतला १९८६चा विश्वचषक लहानपणी दूरदर्शनवर पाहिला आणि आज जो पन्नाशीच्या आसपास आहे, त्याच्या आयुष्याबरोबर टॅकलचा नियमही बदलत गेला, आणि त्या बदलाचा माग घेतला तर पंचगिरी आणि संघनिवड यांबद्दलची त्याची मतेही कशी घडत गेली ते उमगते.

हा चाहता कोल्हापूरच्या एखाद्या पेठेतला असेल, तर त्याला टॅकलची ओळख मेक्सिकोतल्या सामन्यांच्याही आधी शाहू स्टेडियमवर झालेली असते. तिथे संघ तालमींचे असतात, म्हणजे मुळात कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या आखाड्यांच्या नावाने ते मैदानात उतरतात, आणि संघाचा मान हा पेठेचा मान समजला जातो. उन्हाने टणक झालेल्या जमिनीवर घसरत जाऊन चेंडू काढणे, ज्याला स्लायडिंग टॅकल म्हणतात, हे ओल्या हिरवळीवरच्या घसरण्याइतके सोपे नसते. मांडीची आणि कोपराची कातडी सोलवटून निघते, जखमेत माती भरते, आणि सामना संपल्यावर नळाखाली पाय धरून बसलेला बॅक दात आवळून ती माती धुऊन काढतो. अशा मैदानावर शहाणा बचावपटू फारसा आडवा होत नाही. समोरचा फॉरवर्ड चेंडू जरा लांब ढकलेपर्यंत तो पायांवर उभा राहून मागे सरकत राहतो आणि नेमक्या त्या अर्ध्या क्षणात पाय घालतो. जो लवकर झेपावतो, तो चुकतो आणि सोलवटतोही. जमिनीने शिकवलेला हा धडा त्या चाहत्याला पुढे जगातले मोठमोठे सामने पाहताना फार उपयोगी पडतो.

पेठेतल्या ज्येष्ठांच्या बोलण्यात मात्र पेले असायचा. १९६६च्या विश्वचषकात बल्गेरिया आणि पोर्तुगाल यांच्या बचावपटूंनी त्याच्यावर केलेले घाव हे खेळाच्या इतिहासातले एक लाजिरवाणे प्रकरण आहे. पोर्तुगालविरुद्धच्या सामन्यात मोराईसने त्याला लागोपाठ दोनदा पाडले, तरी पंचांनी मोराईसला मैदानाबाहेर काढले नाही. त्या काळी बदली खेळाडूची सोय नसल्यामुळे पेले लंगडत का होईना, मैदानावरच राहिला आणि ब्राझील पहिल्याच फेरीत स्पर्धेबाहेर पडले. त्याच स्पर्धेत इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात कोणाला ताकीद मिळाली आणि कोणाला नाही याचा गोंधळ झाला, आणि त्यातून इंग्लिश पंच केन ॲस्टन यांना वाहतुकीच्या दिव्यांवरून पिवळ्या आणि लाल कार्डांची कल्पना सुचली. १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात ही कार्डे आली आणि त्याच स्पर्धेत प्रत्येक संघाला दोन बदली खेळाडूंची मुभाही मिळाली. खेळाडूच्या शरीराचे मोल नियमांनी मान्य करायला तिथून सुरुवात झाली, असे म्हणायला हरकत नाही. क्रौर्याशिवायही टॅकल परिणामकारक होऊ शकतो, याचा दाखलाही त्याच वर्षीचा आहे. ग्वादालाहारा इथल्या सामन्यात वेगाने चाल करून आलेल्या ब्राझीलच्या जैरझिन्योपासून इंग्लंडच्या बॉबी मूरने चेंडू इतक्या अलगद वेगळा केला की त्या सामन्यात ब्राझीलने इंग्लंडला हरवूनही आजवर लोक त्या एका टॅकलबद्दल बोलतात.

१९८६मध्ये मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होणारे सामने पाहणाऱ्या मुलाला मॅराडोनाचे गोल दिसले, तसे त्याचे पडणेही दिसले. त्या स्पर्धेत त्याच्यावर ५३ फाउल झाले. चार वर्षांनी, ८ जून १९९० रोजी, मिलानमध्ये अर्जेंटिना आणि कॅमेरून यांच्या उद्‌घाटनाच्या सामन्यात टॅकलचे जे रूप दिसले ते तारुण्यात शिरणाऱ्या त्या पिढीच्या डोळ्यांसमोरून कधी हलले नाही. सामना संपत आला होता, कॅमेरून एका गोलने पुढे होते आणि एका खेळाडूला लाल कार्ड मिळाल्याने दहाजणांनिशी लढत होते. अर्जेंटिनाचा कानिजिया चेंडू घेऊन धावत सुटला. पहिल्या बचावपटूचा आडवा आलेला पाय त्याने उडी मारून चुकवला, दुसऱ्याच्या धक्क्याने तोल जाऊनही तो सावरत पुढे गेला, आणि तिसरा, बेंजामिन मासिंग, बाजूने असा येऊन आदळला की कानिजिया फेकला गेला आणि मासिंगच्या स्वतःच्या पायातला बूटही निघाला. मासिंगला बाहेर काढण्यात आले, पण उरलेल्या नऊजणांनी विश्वविजेत्या अर्जेंटिनाला हरवले. दुबळ्याच्या विजयाचा आनंद एवढा होता की तो आघात अनेकांनी शौर्याच्या खात्यात जमा केला. आपल्या आवडीच्या संघाचा पाय लागला की ती जिद्द आणि दुसऱ्याचा लागला की ती गुंडगिरी, हा न्याय पेठेतल्या सामन्यांपासून विश्वचषकापर्यंत सारखाच चालतो, आणि पंच नावाच्या तिऱ्हाइताची गरज का असते ते यातूनच स्पष्ट होते.

या साऱ्याची किंमत मार्को व्हॅन बास्टेनच्या घोट्याने चुकवली. मागून बसलेले घाव आणि त्यांच्यामागून झालेल्या शस्त्रक्रिया यांनी आपल्या काळातल्या या श्रेष्ठ सेंटर फॉरवर्डला २८व्या वर्षीच थांबवले. मे १९९३मधला युरोपीय अंतिम सामना हा त्याचा शेवटचा सामना ठरला आणि १९९५मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. १९९८च्या विश्वचषकाआधी नियम करणाऱ्या मंडळाने स्पष्ट केले, की प्रतिस्पर्ध्याच्या सुरक्षिततेला धोका पोहोचवणाऱ्या मागून केलेल्या टॅकलला थेट लाल कार्ड दाखवावे. त्या वेळी पुष्कळांनी खेळातला मर्दानीपणा संपला अशी ओरड केली. ती ओरड चुकीची होती. ज्याला येणारा पाय दिसतच नाही त्याच्यावर चालून जाण्यात कसलेही कौशल्य नसते, आणि गेल्या पन्नास वर्षांत फुटबॉलने केलेल्या सुधारणांमध्ये या सुधारणेचा क्रम पहिला लागावा.

आजचा नियम टॅकलच्या तीन पायऱ्या मानतो. पहिली निष्काळजी टॅकलची, ज्यात केवळ फाउल दिला जातो. दुसरी बेपर्वा टॅकलची, म्हणजे समोरच्याला इजा होईल याची फिकीर न करता केलेल्या टॅकलची, जिला पिवळे कार्ड असते. आणि तिसरी अतिरेकी बळाच्या वापराची, जिला लाल कार्ड असते. गॅलरीतून सर्वांत जास्त वेळा येणारी आरोळी मात्र "बॉल आधी लागला!" अशी असते, आणि तिला नियमात आधार नाही. चेंडूला आधी स्पर्श झाला तरी बुटाच्या तळाचे खिळे, ज्यांना स्टड म्हणतात, पुढे काढून पाय प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर उतरत असेल, तर तो फाउलच असतो. २०१६मध्ये आणखी एक समंजस बदल झाला : पेनल्टी क्षेत्रात चेंडू खेळण्याच्या प्रामाणिक प्रयत्नातून गोलची संधी हिरावली गेली, तर पेनल्टीबरोबर लाल कार्डाऐवजी पिवळे कार्ड दाखवावे असे ठरले, कारण एकाच चुकीला दुहेरी शिक्षा देणे अन्यायाचे होते.

पंचांविषयी बोलताना बहुतेक चाहते कठोर होतात, पण पंचाला त्या क्षणी काय दिसते याचा विचार क्वचितच केला जातो. २०१०च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या निगेल डी याँगचा बूट स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीवर बसला आणि पंच हॉवर्ड वेब यांनी पिवळे कार्ड दाखवले. मध्ये दुसरा खेळाडू आल्याने घटना नीट दिसली नव्हती आणि लाल कार्डच योग्य ठरले असते, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले. असे प्रसंग टाळण्यासाठी २०१८पासून विश्वचषकात व्हिडिओ सहायक पंच आले, जे पडद्यावर चित्रण पाहून मैदानावरच्या पंचाला गंभीर चुकीची जाणीव करून देतात. ही सोय हवीच. मात्र तिच्यात एक धोका दडलेला आहे. संथ गतीने दाखवलेला कुठलाही टॅकल हेतुपुरस्सर वाटतो, कारण पाय पुढे सरकताना खेळाडूला विचार करायला भरपूर वेळ होता असा भास पाहणाऱ्याला होतो. व्हिडिओ पंचांच्या कार्यपद्धतीतच हे ओळखलेले आहे : स्पर्श नेमका कुठे झाला हे पाहण्यासाठी संथ चित्रण वापरावे, पण आघाताची तीव्रता नेहमीच्या वेगातच जोखावी, असे ती सांगते. दूरचित्रवाणी मात्र तोच आघात संथ करून पुन्हापुन्हा दाखवत राहते आणि घरी बसलेला प्रेक्षक त्या बळावर निवाडा देतो. आधी नेहमीचा वेग पाहावा आणि मग हवे तर संथ चित्रण, हा क्रम प्रेक्षकानेही पाळला पाहिजे.

नियम बदलले तसे संघात कोणाला घ्यायचे याचे गणितही बदलले. केवळ पाय तोडणारा म्हणून ठेवलेला बचावपटू आता संघाला परवडत नाही. विसाव्या मिनिटाला पिवळे कार्ड मिळालेला खेळाडू उरलेला सामना अवघडून खेळतो, आणि पाच बदली खेळाडूंची मुभा मिळाल्यापासून प्रशिक्षक त्याला मध्यंतरालाच बसवू लागले आहेत. तरी चेंडू परत मिळवणाऱ्याचे मोल कमी झालेले नाही. रिआल माद्रिदने २००३च्या उन्हाळ्यात बेकहमला आणले आणि क्लॉद माकेलेलेला चेल्सीला जाऊ दिले. त्यानंतर त्यांना स्पॅनिश लीग पुन्हा जिंकायला २००७ साल उजाडले. न्गोलो कांते २०१६मध्ये लेस्टरबरोबर आणि २०१७मध्ये चेल्सीबरोबर इंग्लंडचा विजेता झाला, आणि २०१८मध्ये फ्रान्सबरोबर विश्वविजेता. हे दोघे ज्या कामात तरबेज होते ते काम टॅकलच्या आधी सुरू होते : पास कुठे जाणार हे ओळखून तिथे आधी पोहोचणे. निवड करणाऱ्यांची दृष्टी किती मोकळी असावी याचे भारतीय उदाहरण १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचे आहे. बचावफळीचा आधार असलेल्या जर्नेलसिंग यांच्या डोक्याला टाके पडलेले असताना प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना थेट फॉरवर्ड म्हणून उतरवले, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात भारताने २-१ असा विजय मिळवताना त्यातला एक गोल जर्नेलसिंग यांचा होता. तालमींच्या संघांतही निवडीचा वाद दरवर्षी रंगतो, आणि त्यात बाहेरून आणलेल्या धिप्पाड खेळाडूंना झुकते माप मिळते. पेठेतला अंगाने किरकोळ, पण पायांवर उभा राहून वाट पाहणारा मुलगा बाकावर राहतो, ही निवड खेळाच्या दृष्टीने चुकीची आहे.

पंचांच्या निर्णयांवरचा वाद कमी करण्याची एक सोपी वाटही आता दिसली आहे : २०२३च्या महिला विश्वचषकात व्हिडिओच्या मदतीने दिलेल्या निर्णयाचे कारण पंचांनी ध्वनिक्षेपकावरून साऱ्या स्टेडियमला ऐकवले. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या स्पर्धांमध्ये व्हिडिओची यंत्रणा उभी करणे खर्चाचे आहे, पण ध्वनिक्षेपक बहुतेक मैदानांवर असतोच आणि त्यावरून गोल करणाऱ्याचे नाव पुकारले जाते. संयोजकांनी त्याच ध्वनिक्षेपकावरून प्रत्येक कार्डाचे कारण एका वाक्यात सांगायला येत्या हंगामापासूनच सुरुवात करावी.