सम्याचा रुसवा आणि ढगातलं गुऱ्हाळ

दोस्तांनो, माझा भाचा सम्या माझ्याशी चांगली तीन वर्षं धड बोलत नव्हता. भाऊबीजेला बहिणीकडे गेलो की तो "या मामा" म्हणायचा, पाण्याचा तांब्या पुढे ठेवायचा आणि गोठ्याकडे निघून जायचा. चूक माझीच होती. ती कशी, ते आधी सांगतो. म्हणजे तुमच्या घरात माझ्यासारखा अतिशहाणा मामा असेल तर तुम्ही सावध राहाल!

गोष्ट २०१९ सालची. सम्या तेव्हा दहा वर्षांचा. बहिणीचं गाव राहाता तालुक्यात, प्रवरेच्या पाटावर. घरचा ऊस. त्या वर्षी उसाचं बिल बरं आलं होतं आणि दाजींनी सम्याला कबूल केलं होतं, की पहिल्या पाचात नंबर आला तर व्हिडिओ गेमचा कन्सोल घेऊन देईन. कुणीतरी वापरलेला, पण खराखुरा प्लेस्टेशन ४. सम्या तिसरा आला! मग दाजींनी मला नगरला फोन केला. (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात अजून 'नगर'च बसलंय.) म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरमधले. सांगा, घेऊ का?"

आता झालं असं, की मी नुकतंच वाचलं होतं, गूगल 'स्टेडिया' नावाची एक सेवा काढतंय. घरात कन्सोल नकोच. खेळ चालणार दूर कुठेतरी, प्रचंड मोठ्या संगणकांवर, आणि तुमच्या पडद्यावर येणार फक्त त्याचं चित्र. यालाच क्लाउड म्हणतात, म्हणजे ढग. मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "दाजी, पैसे वाया घालवू नका. दोन वर्षांत हे कन्सोल भंगारात जाणार."

दाजींनी त्या पैशांत ठिबकच्या नळ्या घेतल्या.

स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत, कॅनडात, युरोपातल्या काही देशांत. भारताचं नाव त्या यादीत नव्हतं, आणि मी यादी वाचलीच नव्हती. कंपनीने कुणाला फसवलं नव्हतं बरं का. फसवलं ते मामाने.

सम्या आता कॉलेजात जातो. या हिवाळ्यात तो आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "मामा, आता आपल्याकडे पण ढगातून गेम मिळतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सवाल्यांची सेवा भारतात आली. मग कन्सोल घ्यायचा का नाही? या टायमाला नीट सांगा." मी म्हटलं, "सांगत नाही. दोघं मिळून बघू."

तर आधी हे बघू, की कन्सोलची ताकद म्हणजे काय. खेळातलं प्रत्येक चित्र हे गणित असतं. गाडी वळली, सावली हलली, धूळ उडाली, की सगळं नव्याने मोजायचं आणि नव्याने काढायचं. तेही सेकंदाला ३० नाहीतर ६० वेळा! प्लेस्टेशन ४ ची चित्रं काढणारी चिप सेकंदाला जास्तीत जास्त १ लाख ८४ हजार कोटी गणितं करू शकते. प्लेस्टेशन ५ ची १० लाख कोटींच्या पुढे. एवढी गणितं करताना यंत्र तापतं, म्हणून आत पंखा. आणि यंत्र महाग का, तेही कळलं. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती.

पण ताकद डब्यातच असली पाहिजे असं थोडंच आहे? मी लहान असताना आमच्या आळीत एकाकडे टीव्हीला जोडायचा गेम होता. आम्ही त्यातल्या कॅसेटला फुंकर मारून ती खोचत असू. (फुंकरीने काही होत नाही, उलट थुंकीने पट्ट्या गंजतात, हे फार उशिरा कळलं.) त्या कॅसेटींचीही एक गंमत पुढे वाचनात आली. १९९३ साली 'स्टार फॉक्स' नावाचा निन्टेन्डोचा खेळ आला. त्याच्या कॅसेटमध्येच 'सुपर एफएक्स' नावाची जास्तीची चिप बसवली होती. यंत्र तेच जुनं. पण कॅसेट खोचली की त्याच्या अंगात बळ यायचं आणि अवकाशयानं खोली-उंची असलेली दिसायची. म्हणजे ताकद बाहेरून आणायची युक्ती काही नवी नाही. फक्त तेव्हा ती एका बोटाच्या अंतरावर होती, आणि आता दोनशे किलोमीटरवर आहे.

हे मी सम्याला सांगत होतो, तेव्हा दाजी बाजूला विळ्याला धार लावत होते. ते म्हणाले, "म्हणजे गुऱ्हाळ आणि कारखाना."

अगदी बरोबर! माझ्या डोक्यात हे का आलं नाही? पूर्वी या भागात गूळ करायचा तर गुऱ्हाळ लावावं लागे. चरक, काहील, चुलाण, वर गुळव्याची मजुरी. मग १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आशियातला पहिला म्हणून तो ओळखला जातो. मग घरी चरक कशाला? ऊस तोडला, गाडीत भरला, कारखान्यावर धाडला. एक मोठं यंत्र हजारोंच्या कामाला आलं.

पण दाजींनी लगेच पुढचंही सांगितलं. "तोडलेला ऊस ठेवून चालत नाही. दिवसभरात गाळला नाही तर वजन घटतं, साखर घटते."

दोस्तांनो, क्लाउडची सगळी गोम इथेच आहे. बटण दाबलं हा झाला तोडलेला ऊस. तो दूरच्या संगणकापर्यंत जायचा, तिथे चित्र तयार व्हायचं, ते आवळून लहान करायचं, परत धाडायचं, आणि तुमच्या घरी ते पुन्हा उलगडायचं. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे एका चित्राला साधारण १७ मिलीसेकंद. घरचा कन्सोल हे घरच्या घरी करतो. क्लाउडला मात्र गाडी भरून जावं-यावं लागतं.

अंतराचं काय? मायक्रोसॉफ्टचं एक मोठं संगणक-केंद्र २०१५ पासून पुण्यातच आहे. समजा खेळ तिथे चालतोय. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. सम्याच्या गावाहून पुणे धरा दोनशे किलोमीटर. सांगा पाहू, जाऊन-येऊन किती वेळ? फक्त २ मिलीसेकंद! म्हणजे अंतराला दोष देण्यात अर्थ नाही. वेळ जातो तो वाटेतल्या थांब्यांवर, चित्र आवळण्या-उलगडण्यात, घरच्या वायफायमध्ये, आणि सगळ्यात जास्त गावातल्या शेवटच्या तारेवर. पाटाच्या टेलला ज्यांचं रान आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

आम्ही प्रयोग करायचं ठरवलं. एका सेवेची महिन्याची वर्गणी मी भरली (प्रायश्चित्त म्हणा हवं तर). बहिणीच्या घरी फायबरचं नेट आहे. सम्याने जुनी वही घेतली आणि आठ दिवस रोज तीनदा मोजलं, की सर्व्हरकडून उत्तर यायला किती मिलीसेकंद लागतात. पहाटे सहाला आकडे २८, ३०, २७. दुपारी ४० च्या आसपास. आणि रात्री आठनंतर, सगळं गाव मोबाइल आणि टीव्हीला चिकटलं की ९०, ११०, एकदा तर १६०. पहाटे मोटारींच्या शर्यतीचा खेळ असा सुरेख चालला, की मीच ओरडलो, "अरे, हा जुना लॅपटॉप एवढं दाखवतोय?" रात्री तीच गाडी वळण घ्यायच्या आधी कठड्यात घुसली. सम्याने स्टिअरिंग वेळेवर फिरवलं होतं. गाडीला ते उशिरा कळलं.

१०० मिलीसेकंद म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, त्यात काय होतं, असं वाटेल. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान आठवा. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू तेवढ्या वेळात जवळजवळ चार मीटर पुढे येतो. आता तेवढ्या उशिराने दिसलेल्या चेंडूवर बॅट घालून दाखवा!

दुसरी मेख डेटाची. चांगलं चित्र हवं तर सेकंदाला १५ मेगाबिट लागतात असं धरू. तासाला होतात पावणेसात जीबी. फोनवर रोजचा दीड जीबी मिळत असेल तर खेळ चालेल १३ मिनिटं. सम्या म्हणाला, "एवढ्यात तर गेमची सुरवातीची पिक्चरच संपत नाही!"

मग मधली वाट नाही का? थोडं काम घरच्या कन्सोलने करायचं, थोडं ढगाने? तेही लोकांनी करून पाहिलंय. २०१३ साली एक्सबॉक्स वन जाहीर झाला तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्याच्या पाठीशी ३ लाख सर्व्हर उभे करणार असं सांगितलं, आणि कन्सोलची ताकद क्लाउडमधून वाढत जाईल अशी मोठी हवा झाली. २०१५ मध्ये 'क्रॅकडाउन ३' या खेळात क्लाउडच्या बळावर अख्ख्या इमारती विटा-विटांनी कोसळताना दाखवल्या. खेळ प्रत्यक्ष आला २०१९ मध्ये, आणि ते कोसळणं फक्त ऑनलाइन लढतींपुरतं उरलं. मला हे वाचून जरा वाईटच वाटलं. पण कारण आता तुम्हीही सांगाल. डोळ्यांसमोर पडणारी वीट थांबू शकत नाही.

थांबू शकेल असं काम दिलं, की ढग कमाल करतो. मायक्रोसॉफ्टचा विमान उडवायचा 'फ्लाइट सिम्युलेटर' घ्या. २०२० साली आलेल्या या खेळात सगळी पृथ्वी आहे. तिची माहिती दोन पेटाबाइटहून जास्त, म्हणजे २० लाख जीबी! ती कुठल्या कन्सोलमध्ये मावणार? तुम्ही जिथे उडता तिथला तुकडा तेवढा क्लाउडमधून येत राहतो. विमान कसं वळतं, पंख कसा कलतो, हे मात्र तुमचंच यंत्र मोजतं. मी एका मित्राकडे त्यात नगरवरून उडालो. भुईकोट किल्ल्याचं गोल कडं वरून ओळखू आलं आणि मी खुर्चीत उभाच राहिलो. समोरचा डोंगर दोन सेकंद उशिरा रेखीव झाला तरी काही बिघडत नाही. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये या खेळाची नवी आवृत्ती आली. तिच्यात आणखी जास्त भार क्लाउडवर टाकलेला. पहिल्याच दिवशी एवढी झुंबड उडाली, की पैसे मोजलेले लोक काट्यावरच्या उसाच्या गाड्यांसारखे रांगेत अडकून बसले. घरात भारी यंत्र असून!

आता एक गोष्ट उरली, आणि सम्याला तीच जास्त लागली. स्टेडिया १८ जानेवारी २०२३ ला बंद झाली. गूगलने खेळांचे पैसे परत केले, हे चांगलंच केलं. पण ज्यांनी रात्री जागून किल्ले सर केले होते त्यांतल्या बऱ्याच जणांची ती कमाई गेली. सहकारी कारखान्यात शेतकरी सभासद असतो, वर्षातून एकदा सभेत उभं राहून चार शब्द सुनावता तरी येतात. या ढगात आपण सभासद नाही, भाडेकरू. वर्गणी थांबली की दार बंद. तो नगरचा जुना गेम मात्र परवा माळ्यावरून निघाला आणि चालू झाला. कॅसेटीला फुंकर न मारता!

आठव्या दिवशी संध्याकाळी दाजी कारखान्यावरून आले. वही मागवून घेतली, आकड्यांवरून बोट फिरवलं. "मग? घ्यायचा का?"

सम्याने उत्तर तयार ठेवलं होतं. वापरलेला कन्सोल घ्यायचा, डिस्क चालणारा, म्हणजे खेळ मित्रांत बदलता येतील. अर्धे पैसे तो सुट्टीत बाभळेश्वरच्या मोबाइल दुकानात काम करून देणार. आणि क्लाउडची वर्गणी वर्षातून एखाद-दुसरा महिना, नवे खेळ चाखून बघायला, तेही पहाटे.

दाजी माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मला पटतंय."

सम्या वही मिटत म्हणाला, "मामा, या टायमाला यादी वाचलीय ना पूर्ण?"