प्रपोजल

दिसायला ते अगदी साधं. ए-फोर आकाराची मोजकी पानं, वर विद्यार्थ्याचं नाव आणि रोल नंबर, आणि पहिल्याच पानावर एक प्रतिज्ञापत्र: ही माहिती मी स्वतः मिळवली आहे, खरी आहे, आणि खाली सही. पाठच्या भावंडांचा थाट त्याला नाही. मिड-टर्म रिपोर्टात रंगीत आलेख असतात, फायनल रिपोर्टात निष्कर्ष असतात, व्हायवाला तर समोर परीक्षक बसलेले असतात. प्रपोजल काही दाखवत नाही. ते विचारतं.

मी म्हणतोय ते मद्रास आयआयटीच्या डेटा सायन्समधल्या ऑनलाइन बीएस अभ्यासक्रमातलं. हा अभ्यासक्रम २०२० साली सुरू झाला. व्हिडिओ घरी बघायचे, असाइनमेंट आठवड्याच्या आठवड्याला भरायच्या, परीक्षेपुरतं केंद्रावर जायचं. डिप्लोमाच्या टप्प्यावर बिझनेस डेटा मॅनेजमेंट हा विषय येतो आणि त्याच्या जोडीला कॅपस्टोन प्रोजेक्ट. आपल्या आसपासचा एखादा खरा धंदा शोधायचा, त्याची अडचण समजून घ्यायची, आकडे त्याच्याकडूनच मिळवायचे आणि मग विश्लेषण करायचं. हे सगळं सुरू होतं प्रपोजलपासून. ते मंजूर झाल्याखेरीज पुढे सरकता येत नाही.

मी कॉमर्सचा मास्तर, आकड्यांशी रोजचा संबंध. माझी भाची हा कोर्स करते, त्यामुळे या प्रपोजलची आणि माझी जवळून ओळख झाली. आणि मला ते फार आवडलं. सोयरीक जुळवायला आलेल्या जुन्या माणसासारखा त्याचा स्वभाव. आवाज चढवत नाही, कौतुक करत नाही. घर कुठलं, शेत किती, पाणी कुठून येतं, कर्ज आहे का, एवढंच शांतपणे विचारत बसतं. उत्तर गुळमुळीत आलं की तोच प्रश्न पुन्हा.

पहिला प्रश्न धंदा कुठला हा. विद्यार्थी इथेच अडखळतात, कारण इतके दिवस सगळं पडद्यावर आयतं मिळालेलं असतं. उदाहरणाची फाइल तयार, रकाने तयार, उत्तर आलं की हिरवी खूण. प्रपोजल म्हणतं, उठ आणि बाहेर जा. भाची लातूर जिल्ह्यात राहते. घराच्या वळणावर एक कृषी सेवा केंद्र आहे, बियाणं, खत, औषधं विकणारं. लहानपणापासून त्या दुकानावरून ती शाळेत गेली, आत कधी गेली नव्हती. दुकानदार काकांनी आधी तिच्याकडे संशयानेच पाहिलं. "काय करायलीस गं ह्या आकड्यांचं? इन्कम टॅक्सवाल्यांना द्यायचेत का?" प्रपोजलला दुकानदाराचं संमतीपत्र लागतं, दुकानात काढलेले फोटो लागतात, त्यांच्याशी झालेल्या बोलण्याचा व्हिडिओ लागतो. पोरीला हे सगळं जाच वाटत होतं. मला ते योग्य वाटलं. दुसऱ्याच्या वहीत डोकावायचं तर त्याच्यासमोर बसून, तोंडाने परवानगी मागून डोकावावं. मग तिने काकांना सांगितलं की गिऱ्हाइकांची नावं कुठेच येणार नाहीत, नुसते नंबर येतील. त्यावर काकांनी चहा मागवला.

दुसरा प्रश्न अडचण काय हा, आणि प्रपोजलचं खरं रूप दिसतं ते इथे. पोरीने लिहिलं, "दुकानाची विक्री वाढवणे." गावातला कुठलाही विद्यार्थी कुठल्याही दुकानाबद्दल हेच लिहील. विक्री वाढवणं ही इच्छा झाली. अडचण कोणाची, किती रुपयांची, कधीपासूनची, कशावरून कळलं, यातलं त्यात काहीच नाही. प्रपोजलला विशेषणं चालत नाहीत. "प्रचंड तोटा" लिहिलंत तर ते प्रचंड म्हणजे किती हे विचारणार. "अनेक ग्राहक" म्हणालात तर मोजायला लावणार.

म्हणून ती पुन्हा दुकानात गेली, आणि या खेपेला विचारायचं सोडून नुसती बसून राहिली. ऐन मृगाचे दिवस होते, पेरणीची घाई. माणूस येतो, युरियाच्या दोन गोण्या नि डीएपीची एक घेतो, अंगठा टेकवतो आणि पैसे न देता जातो. अनुदानाचं खत आधार दाखवून पॉस मशीनवरूनच विकायचं, ही पद्धत २०१८ पासून देशभर आहे. त्यामुळे कुणी किती गोण्या नेल्या ते मशीनला ठाऊक. पैसे आले की राहिले ते मात्र काकांच्या लाल वहीत. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघणार, त्यानंतर बाजारात जाणार, भाव बरा वाटला तर विकलं जाणार, आणि मग उधारी फिटणार. काकांना मात्र खताचे पैसे आधीच भरावे लागतात. मधले चार-पाच महिने त्यांचा पैसा लोकांच्या शेतात उभा असतो.

मागच्या फळीवर कीटकनाशकांच्या बाटल्या होत्या. काकांनी त्यातली एक उलटी करून मुदत दाखवली, दोन महिन्यांत संपणारी. मुदत संपलेलं औषध विकता येत नाही, कायद्यानेच बंदी आहे. काही कंपन्या माल परत घेतात, काही घेत नाहीत. कुठलं औषध किती मागवायचं ते काका आठवणीवर ठरवतात, आणि मागच्या साली अळी पडली असेल तर आठवण जरा जास्तच मागवते.

झालं, प्रपोजलला अडचणी मिळाल्या. एक, खरिपात दिलेली उधारी किती दिवस अडकते आणि कुठल्या मालावर जास्त अडकते. दोन, कुठली औषधं मुदत जवळ येईपर्यंत फळीवर पडून राहतात. दोन्ही वाक्यं मोजता येणारी. त्यांतली उधारी आधी, कारण जास्त पैसा तिथे आहे. अडचणी महत्त्वाच्या क्रमाने लिहा असं प्रपोजल सांगतंच.

त्यानंतर येते पद्धत. इथे ते सावध होतं. मशीन लर्निंगचं एखादं भारी नाव फेकलं की वजन पडेल असं विद्यार्थ्यांना वाटतं. प्रपोजल प्रत्येक पद्धतीपुढे एकच शब्द ठेवतं: का? उधारीसाठी वयवार तक्ता, म्हणजे तीस दिवसांच्या आतली बाकी किती, नव्वदच्या आतली किती, त्यापुढची किती. मालासाठी एबीसी विश्लेषण, म्हणजे थोडक्या वस्तूंत बराच पैसा गुंतलेला असतो तो वेगळा काढणं. हिशेबाची ही साधनं मी वर्गात कितीदा शिकवली असतील. पण खरी बाकी हातात आली की त्यांना धार येते, हे मला या पानांनी दाखवलं.

आणि आकडे. आकड्यांच्या बाबतीत ते कठोर आहे. किती महिन्यांचे, कुठून घेतले, एका ओळीत काय काय, रकाने कोणते, एकक कोणतं. काकांच्या वहीतली एक ओळ मी पाहिली: "तळ्यावरचे अण्णा, यु २, डी १, १२/६, १८८३ बाकी." युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांची, डीएपीची ५० किलोची १३५० ची, बेरीज बरोबर येते. मात्र पुढच्या पानावर "अण्णांचा थोरला" आहे आणि त्याच्या पुढे नुसतंच "तळ्यावरचे". माणसं तीन की खातं एक? काकांना हे विचारावंच लागत नाही, संगणकाला कोणीतरी सांगावं लागतं. पोरीने काकांजवळ बसून नावामागे नंबर लावले, आणि संध्याकाळ कधी झाली ते दोघांना कळलं नाही.

तारखेची गंमत तर याहून मोठी. वहीत साल नाहीच. आणि १२/६ हा आकडा तिने एक्सेलमध्ये टाकला तेव्हा त्याने तो ६ डिसेंबर म्हणून घेतला, कारण तिच्या लॅपटॉपची तारखेची मांडणी अमेरिकन होती, आधी महिना आणि मग दिवस. १३/६ ला तेरावा महिना सापडेना, तेव्हा ती तारीख नुसती अक्षरं होऊन पडून राहिली. म्हणजे मृगात दिलेली काही उधारी सोयाबीन विकल्यानंतरची दिसायला लागली आणि बारा तारखेनंतरची हिशेबातूनच गळली. तो तक्ता तसाच पुढे गेला असता तर काकांची वसुली झटपट होते असा निष्कर्ष निघाला असता, सुबक आलेखासकट. प्रपोजलने "आकड्यांचं वर्णन करा" म्हणून पहिल्या काही ओळी नीट बघायला लावल्या, म्हणून तो घोळ तिथेच उघडा पडला.

वेळापत्रकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याच्या नावाचा तक्ता काढायचा, आडव्या पट्ट्या, कुठलं काम कुठल्या आठवड्यात. तिने काढला. एकच गोष्ट तिने आपल्या मनाने घातली: पेरणीच्या आठवड्यांत दुकानात जायचं नाही, काकांना सवड नसते. हे कुठल्या नमुन्यात नव्हतं.

प्रपोजल पहिल्या फेरीत परत आलं. शेरा होता की अपेक्षित परिणाम अस्पष्ट आहे. पोर हिरमुसली. मी तिला म्हटलं, परत आलं म्हणजे कुणीतरी वाचलं. ऑनलाइन शिक्षणात मुलांना सगळ्यात जास्त टोचतं ते हेच, की आपलं लिहिलेलं पलीकडे माणूस वाचतो की नुसतं यंत्र मोजतं. तिने "दुकानाला फायदा होईल" हे वाक्य काढलं आणि लिहिलं की खरिपाआधी काकांना दोन याद्या मिळतील: कुठल्या मालावर उधारी किती मर्यादेपर्यंत द्यावी ही एक, आणि कुठली औषधं मागच्या हंगामापेक्षा कमी मागवावीत ही दुसरी. या खेपेला मंजुरी आली.

पुढे प्रपोजल फार उघडलं जात नाही, पण ते विसरतही नाही. व्हायवाला बसलं की परीक्षक तेच काढून विचारू शकतो, तुम्ही तेव्हा अमुक म्हणाला होतात, मग बदललं का? बदल चालतो, कारण सांगता आलं पाहिजे. भाचीने एक प्रत छापून काकांना दिली. इंग्रजीतला मजकूर त्यांनी बाजूला ठेवला, तक्त्यावर बोट फिरवलं, आणि विचारलं, "ती औषधांची यादी मेच्या आत देशील का? माझी ऑर्डर तेव्हाच जाते." गँटच्या तक्त्यात यादी जूनमध्ये होती. तिने त्यांच्यासमोरच पट्टी मागे ओढली.