मुळ्याचा नैवेद्य

टोकियोत वसंत आला की नाही, हे एक झाड ठरवतं. यासुकुनी मंदिराच्या आवारात चेरीचं एक नेमून दिलेलं झाड आहे. हवामान खात्याचे लोक त्याच्याखाली जाऊन फुलं मोजतात आणि पाच-सहा उमललेली दिसली की शहरात चेरी फुलल्याचं जाहीर करतात. अंधेरीत वाढल्यामुळे पावसाकडे डोळे लावून बसणं मला ठाऊक होतं. फुलांसाठी सरकारी माणूस झाडाखाली उभा राहतो, याचं नवल मात्र अजून ओसरलेलं नाही.

ओबोनच्या दिवसांत पितर घरी येतात. टोकियोत हे दिवस जुलैच्या मध्यावर असतात, बाकी बऱ्याच भागांत ऑगस्टच्या. काकडीला काड्यांचे चार पाय लावून घोडा करतात, वांग्याला तसेच पाय लावून गाय. घोड्यावरून पितरांनी लवकर यावं, जाताना मात्र गाईवरून सावकाश जावं! गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट पाहणारी माझी आजी हे बघायला हवी होती.

सरत्या वर्षाच्या रात्री बौद्ध मंदिरांत घंटेचे १०८ टोल पडतात, आपल्या जपमाळेच्या मण्यांइतके. १८७३पासून इथलं नवं वर्ष १ जानेवारीलाच सुरू होतं. माझं मन असतं ते ७ जानेवारीकडे.

त्या दिवशी असाकुसात, सुमिदा नदीजवळच्या लहानशा टेकडीवर, मात्सुचियामा शोदेन मंदिरात मुळ्याचा उत्सव असतो. इथला देव कांगितेन. गजमुख असलेला, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथवर पोचलेला आपला गणपती. त्याला वाहतात मुळा: पांढराशुभ्र, मनगटाहून जाड. भक्त एकेक मुळा दोन्ही हातांनी धरून देवापुढे नेतात. उत्सवाला ते मुळे शिजवून, वर मिसो घालून प्रसाद म्हणून वाटतात. कडाक्याच्या थंडीत ती वाफाळती फोड जिभेवर विरघळते. आपल्याकडच्या काही प्राचीन गणेशमूर्तींच्या हातातही मुळा आहे, हे मला इथे आल्यावर कळलं.

मूर्ती मात्र दिसत नाही. कांगितेन सहसा बंद दारांआड असतो. गरम तेलाचा अभिषेक होतो, तोही पुजाऱ्यांपुरता. आमच्या आझादनगरचा अंधेरीचा राजा अनंत चतुर्दशी उलटून गेल्यावर संकष्टीला निघतो आणि गल्लोगल्ली दर्शन देत वेसाव्याच्या समुद्राकडे जातो. तोच देव इथे कुणाच्या नजरेला पडत नाही, तरी रांग हलत राहते.

व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, “अरे, मूर्ती दाखव ना.”

“दिसत नाही, आई.”

“मग मोदक तरी देतात का त्याला?”

देतात! क्योतोत १६१७पासून चालत आलेलं कामेया कियोनागा नावाचं मिठाईचं दुकान या देवाच्या नैवेद्याचा पदार्थ करतं. लाल चवळीसारख्या अझुकीच्या गोड पुरणात सात सुगंधी द्रव्यं, वर कणकेची पारी, तोंडाशी चुण्या, आणि तिळाच्या तेलात तळण. मी फोटो पाठवला. आईने तो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, “तळणीचेच आहेत रे.”

पुढच्या जानेवारीत ती येते आहे. दुर्वा आणू का, असं विचारत होती. मी म्हटलं, काही आणू नकोस, मुळा मंदिरातच विकत मिळतो.