वराहपालन कोणाचे आणि डुकरे कोणाची?

सरकारी कागदावर या धंद्याचे नाव 'वराहपालन' आहे. पिढ्यान्‌पिढ्या तोच धंदा करणाऱ्या कैकाडी, वडार, मांग गारुडी माणसाला मात्र गाव 'डुकरवाला' म्हणते, आणि तेही शिवी दिल्यासारखे. जनावर एकच, मग नावे दोन का? समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही जातीवर भरपूर वाचले. पण या प्रश्नाचे उत्तर आम्हाला वस्तीत काम करताना, डुकरिणीचे बाळंतपण पाहून मिळाले.

डुकरीण साधारण ११४ दिवसांनी विते. पिल्लू जेमतेम किलोभर वजनाचे असते आणि पहिल्या दिवसांत त्याला ३० ते ३२ अंशांची ऊब लागते. आईला मात्र एवढी उष्णता सोसत नाही. म्हणून चांगल्या गोठ्यात पिल्लांसाठी वेगळा कप्पा असतो. त्यात कोरडा पेंढा आणि वर एक बल्ब. भिंतीपासून आणि जमिनीपासून आठ-दहा इंचांवर आडवा दांडा बसवतात, म्हणजे शंभर किलोची आई आडवी होताना पिल्लू तिच्या अंगाखाली चिरडत नाही. दांडा लोखंडीच हवा असे नाही, मजबूत बांबूही चालतो.

खाद्याचेही असेच गणित आहे. गाभण डुकरिणीला दिवसाला दोन-अडीच किलो खुराक पुरतो. आठ पिल्ले पाजणारीला चार-पाच किलो लागतो: मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, पेंड, क्षार मिश्रण. वीस लिटरच्या वर पाणी लागते ते वेगळेच. सिमेंटच्या जमिनीवरच्या पिल्लांना मातीतून लोह मिळत नाही, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन द्यावे लागते. हॉटेलातले उरलेले अन्न उकळूनच घालायचे. आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० मध्ये आसाम-अरुणाचलमार्गे देशात शिरला, तेव्हापासून तर यात हयगय परवडतच नाही.

हे सगळे आम्ही वस्तीतल्या एका मावशीला समजावून सांगत होतो. तीन डुकरिणींवर तिचे घर चालते. ती म्हणाली, "दादा, माजंच लेकरू गळक्या पत्र्याखाली निजतंय. डुकरिणीला खोली कुठून देऊ?"

मित्रहो, तिचा हिशोब चुकीचा नाही. एका डुकरिणीच्या बाळंतपणाला ८० ते १०० चौरस फूट आच्छादित जागा हवी. मावशीचे सात माणसांचे घर १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट. पाणी टँकरचे, वीज शेजारच्या तारेवरून घेतलेली, जागेचा कागद नाही. मग डुकरीण नालीच्या काठाला विते, थंडीपावसात पिल्ले मरतात, उरलेली उकिरड्यावर वाढतात. गाव म्हणते, "हे लोकच घाणेरडे." डुकरांतून पट्टकृमी पसरतो अशी ओरडही होते. पण डुकराच्या पोटात ती अंडी जातात माणसाच्या विष्ठेतून. वस्तीला संडास कोणी दिला नाही, हे विचारायचे कोणी?

आता योजना पाहा. २०२१ पासूनच्या सुधारित राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या प्रकल्पाला ५० टक्के, कमाल ३० लाख रुपये अनुदान आहे. छोटा प्रकल्प म्हणजे ५० माद्या, ५ नर, १५ लाख. उरलेला पैसा स्वतःचा किंवा बँकेचा, आणि जमीन मालकीची किंवा भाड्याची. एका बँकेत आम्ही तीन डुकरिणींचे प्रकरण घेऊन गेलो, तर साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "सातबारा?" तिथेच बोलणे संपले. सातबारा असलेल्याचा गोठा झाला की त्याला म्हणतात वराहपालन. सातबारा नसलेल्याची ती डुकरे, आणि नगरपालिकेची गाडी येते ती तीच पकडायला.

चळवळीतले काही मित्र आम्हाला विचारतात, "बाबासाहेबांनी जातीने लादलेली कामे सोडायला सांगितली, आणि तुम्ही डुकरांचे गोठे मागता?" प्रश्न रास्त आहे. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, ते माणसाच्या स्वाभिमानासाठी. मावशीच्या पोराने शाळेत जावे, त्याला हवे ते काम करावे, यावर आमचा कोणाशीच वाद नाही. पण आज रात्रीची भाकरी ज्या धंद्यातून येते, तो धंदा मावशीने सोडायचा आणि भांडवलवाल्याने पिगरी म्हणून उचलायचा, याला आम्ही मुक्ती म्हणणार नाही.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. तीन ते पाच डुकरिणींच्या युनिटला अनुदान. ज्यांना जागा नाही त्यांच्यासाठी सार्वजनिक जमिनीवर सामुदायिक गोठा, त्यात विण्याचे कप्पे, पाणी, वीज, अन्न उकळण्याची भट्टी. लस आणि लोहाच्या इंजेक्शनसाठी ठरलेल्या दिवशी पशुवैद्यक वस्तीत. आणि या सगळ्याच्या आधी माणसाला घराचा कागद आणि संडास.

कैकाडी समाज विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत येतो. सवलतीचा कागद जिल्ह्यागणिक बदलतो, डुकरिणीला लागणारी ऊब बदलत नाही. बौद्ध तरुणांनी 'हा आपला प्रश्न नाही' म्हणून बाजूला होऊ नये. पुढच्या ग्रामसभेत, वॉर्डसभेत या मागण्या लेखी द्या, पोच घ्या, आणि अर्जावर पहिली सही डुकरे पाळणाऱ्या बाईची असू द्या.

जय भीम!