पुढचे चाक

कीर्तनात दशरथ-कैकेयीची कथा रंगू लागली, की एका प्रसंगी सारा सभामंडप सावरून बसतो. ऐन युद्धात रथाच्या आसाचा खिळा निसटतो, चाक डळमळते आणि कैकेयी तेथे आपला हात घालून रथ सावरते. ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु आस आणि चाक यांच्यामधल्या एवढ्याशा वस्तूचे मोल आम्हांला कळले ते चाळिशी उलटल्यावर, फोंड्यातील आमच्या घराच्या अंगणात.

आमच्या वडिलांनी १९८४ साली घेतलेली बुलेट आजही आमच्या घरी आहे. एका रविवारी सकाळी पाहतो, तो तिच्या पुढच्या चाकातली हवा पार गेलेली! दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणजे मंगेशीची पालखी. त्या दिवशी आम्ही कोर्टात असतो. म्हणून चिरंजीवांनी आईला बुलेटवरून देवळात न्यावे, असा आमच्या घरचा नेम आहे. मिस्त्रींचे गॅरेज रविवारी बंद. तेव्हा चाक आपणच काढावे आणि पंक्चर काढून आणावे, असे आम्ही मोठ्या उत्साहाने ठरवले. वास्तविक त्या वृद्ध मिस्त्रींनी आम्हांला पूर्वीच बजावले होते, ‘‘वकीलबाब, काडप सोंपें, घालप कठीण.’’

काढणे खरोखरच सोपे निघाले. गाडी मधल्या स्टँडवर उभी केली आणि पुढे कलंडू नये म्हणून इंजिनाखाली माडाच्या ओंडक्याचा तुकडा सरकवला. ब्रेकची तार सैल करून सोडवली. फोर्कच्या दोन्ही पायांखाली आस धरून ठेवणाऱ्या टोप्या असतात. त्यांचे चार नट पान्याने सोडवताच चाक अलगद हातात आले. नट ज्या वाटीत ठेवले, ती नैवेद्याची निघाली आणि त्याबद्दल आम्हांला स्वयंपाकघरातून ऐकून घ्यावे लागले, एवढाच काय तो त्रास.

पंक्चर काढून आणेपर्यंत दिवेलागण झाली. चाक वर उचलून धरण्याचे काम चिरंजीवांकडे, पाना आमच्याकडे. ब्रेकच्या ड्रमच्या झाकणाला एक खाच आहे. तिकडे बोट दाखवून चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, ही खाच कशात बसायची?’’ आम्ही घाईत होतो. विरुद्ध पक्षाच्या वकिलाचा प्रश्न उडवून लावावा, तशा सुरात आम्ही म्हणालो, ‘‘ते मागून पाहू. तू चाक नीट धर.’’ मग टोप्या चढवल्या. पुढची आणि मागची फट सारखी राहील अशा बेताने चारही नट थोडेथोडे आवळले, तार जोडली. चाक फिरवून पाहिले, तर ते गरगर फिरले. ब्रेक दाबला, तर जागीच थांबले. आम्ही हात धुवायला निघालो.

चिरंजीवांचे मात्र समाधान झाले नव्हते. त्यांनी ओंडका काढला, गाडी अंगणात चार पावले ढकलली आणि ब्रेक दाबला. ‘खट्’ असा आवाज झाला; चाकाबरोबर ते झाकणही फिरले आणि तार ताणली गेली. कंदिलासारखा दिवा धरून आम्ही वाकून पाहिले. ती खाच फोर्कवरच्या उंचवट्यात बसलेलीच नव्हती. ब्रेकचा सारा जोर ज्या अडणीवर यायचा, तीच आम्ही मोकळी सोडली होती. अधांतरी फिरवलेल्या चाकाला थांबवायला फारसा जोर लागत नाही. म्हणून आमच्या परीक्षेत दोष दिसला नव्हता.

मंगेशीच्या वाटेवर फर्मागुडीचा उतार लागतो. त्या उतारावर, मागे आई बसलेली असताना, मुलाने ब्रेक दाबला असता तर तार तुटली असती, नाही तर चाक अडकून गाडी उलटली असती. निष्काळजीपणाने घडलेल्या मृत्यूचे खटले आम्ही कितीतरी चालवले आहेत. पूर्वी दंडसंहितेचे कलम ३०४-अ होते. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे १०६ आहे. अशा खटल्यांत आरोपीच्या वतीने ‘‘क्षणभराची नजरचूक’’ हे शब्द आम्ही सराईतपणे उच्चारले आहेत. त्या रात्री ते शब्द घशाशी अडले. आमची चूक नजरेची नव्हती. नजरेला ती खाच दाखवण्यात आली होती. आम्ही ती पाहण्याचे नाकारले होते. कोर्टात चुकीच्या निकालावर अपील असते. उतारावर कसले अपील?

चार नट आम्ही पुन्हा सोडवले. या वेळी पाना चिरंजीवांच्या हाती दिला आणि चाक आम्ही धरले. खाच उंचवट्यात बसल्याचे आधी बोटाने चाचपून पाहिले, मग नट आवळले. गाडी ढकलून दहा वेळा ब्रेक दाबला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात जाण्यापूर्वी आम्ही स्वतः ती फर्मागुडीपर्यंत नेली, गोपाळ गणपतीला हात जोडले आणि तो उतार उतरून परत आलो.

सोमवारी रात्री पालखी आटोपून मायलेक सुखरूप घरी आली. सौ.नी आमच्या हातावर प्रसाद ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘गाडी अगदी छान चालली हो! चाक तुम्हीच बसवलंत ना?’’ चिरंजीवांनी आमच्याकडे पाहिले आणि ते काही न बोलता आत गेले. आम्हीही प्रसाद तोंडात टाकला. हा अंक घरी येईल तेव्हा सौ. तो आमच्याआधी वाचतील. आमचा कबुलीजबाब त्यांना इथेच मिळेल.